सरावाचं चित्र

विमानतळावर माणसं जेवढं खोटं बोलतात तेवढं सोयरीक जुळवतानाही बोलत नसतील. "काही नाही हो, दोन कपडे आणि एक पुस्तक," असं म्हणत बॅग बेल्टवर ठेवायची, आणि आत काय, तर पाना, कात्री, तेलाची बाटली आणि कुणाला तरी भेट म्हणून घेतलेला सुऱ्यांचा अख्खा संच. वर चेहरा असा, की जणू हे सगळं बॅगेत आपसूक उगवलं. एका आजींची सुरी काढून घेतली तेव्हा त्या कमरेवर हात ठेवून म्हणाल्या होत्या, "मग सफरचंद काय दातांनी खाऊ?" त्यांचे दात त्याच पिशवीत एका डबीत होते.

हे सगळं ज्या बाईला आधी दिसायचं, ती सिक्युरिटीच्या दुसऱ्या रांगेत स्क्रीनसमोर बसायची. तिला सगळे घार म्हणत. तोंडावर 'ताई', पाठीमागे घार. बॅग मशीनच्या बोगद्यातून सरकली की आतल्या वस्तूंची रंगीत सावली स्क्रीनवर उमटते. कपडे, कागद, खाणं नारिंगी, धातू निळा, अधलंमधलं हिरवट. नवख्याला त्यात नुसता भंगाराचा ढीग दिसतो. घारीला छत्रीच्या काड्यांमागे दडवलेली कात्री दिसायची, बुटाच्या टाचेतला खिळा दिसायचा. एकदा तर एका गृहस्थांनी बायकोपासून लपवलेली सिगरेटची डबीही दिसली होती. ती विमानात न्यायला बंदी नव्हती, म्हणून घार गप्प बसली.

हे नाव मामांनी ठेवलं होतं. मामा म्हणजे बेल्टच्या पलीकडच्या टोकाला उभे राहून संशयित बॅगा उघडणारे गृहस्थ. ते कुणाचेच मामा नव्हते, म्हणून सगळ्यांचे होते. एकदा घारीचा नवरा तिचा डबा द्यायला आला असताना त्याच्या कानावर हे नाव पडलं, आणि मग काय, घरी जन्मभराची सोय झाली. "अगं घारे, माझे मोजे दिसतायत का बघ तुझ्या त्या नजरेला." तिला राग यायचा, आणि मोजेही सापडायचे.

आता ह्या कामातली एक गोष्ट बाहेरच्यांना ठाऊक नसते. तासन्‌तास निरुपद्रवी बॅगा बघून डोळे मरतात. समोर सुरी आली तरी दिसत नाही. म्हणून मशीनच अधूनमधून खोटं चित्र घालतं. एखाद्या भल्या माणसाच्या बॅगेत, त्याच्या शर्टांच्या घड्यांत, नसलेली सुरी किंवा नसलेलं पिस्तूल दाखवतं. बघणाऱ्याने लाल बटण दाबायचं. खोटं असेल तर चित्र विरून जातं, आणि स्क्रीनवर ओळ उमटते: 'अभिनंदन. आपण सरावाचं चित्र अचूक ओळखलंत.' मग बॅग न उघडता पुढे जाते. वस्तू खरी असेल तर मशीन मुकाट राहतं, बेल्ट थांबतो, आणि बॅग मामांच्या हाती येते. वर्षानुवर्षं हे करून एक सवय हाडीमाशी खिळते. मशीनने 'सराव' म्हटलं की विषय संपला. बॅगेकडे पुन्हा कुणी बघत नाही.

घारीचा नवरा सलूनवाला होता. कोपऱ्यावरच्या दुकानात दोन खुर्च्या, एक मोठा आरसा आणि गिऱ्हाईक निघून गेलं तरी न संपणाऱ्या गप्पा. दुकानात तो नव्या पद्धतीची पाती वापरायचा, पण स्वतःची दाढी मात्र बापाकडून आलेल्या वस्तऱ्यानेच करायचा. रोज सकाळी बाथरूमचं दार लावून आधी वस्तरा चामड्यावर परजायचा, चट् चट् चट्. मग गालावरून पातं फिरल्याचा खर्र आवाज. हनुवटीशी आला की तो थांबायचा, तिथे एक जुना व्रण होता. वस्तऱ्याच्या टोकाशी एक खाच होती, आणि मुठीची एक बाजू दुसरीपेक्षा किंचित आखूड होती. तो गेला तेव्हा घारीने तो वस्तरा स्वतःच्या हाताने त्याच्या सदऱ्याच्या खिशात ठेवला. मामा डोळे पुसत म्हणाले होते, "ताई, ह्या प्रवासाला तरी तुम्ही अडवलं नाहीत." रडतारडता ती हसली होती. वस्तरा त्याच्याबरोबर गेला. जिथे तो गेला, तिथे.

त्यानंतर काही दिवसांनी सकाळी बाथरूममधून चट् चट् असा आवाज आला.

घारीने ही गोष्ट कुणाला सांगितली नाही. सांगून काय होणार? लोक डॉक्टरकडे न्या म्हणाले असते. ती आपली चहा टाकायची आणि बंद दारापाशी उभी राहायची. दार उघडायची नाही. आधी चामडं, मग गाल, मग हनुवटीशी थांबणं. ते थांबणं आलं की तिला बरं वाटायचं. इतकं बरं वाटायचं की दिवस निघायचा. माणूस गेल्यावर लोक काय काय धरून बसतात. हिने एक आवाज धरला होता, ह्यात कुणाचं काय गेलं?

गेलं होतं ते लेकीचं. ह्या लेकीला बापाने चिऊ नाव ठेवलं होतं. घारीच्या घरात चिऊ, हा त्याचा आवडता विनोद, आणि तो प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकावा लागायचा. आता ही चिऊ डोळे तपासायचं शिक्षण घेऊन मोठी झाली होती, आणि तिने दूरच्या एका दवाखान्यात नोकरी धरली होती. इतक्या दूर, की विमानाशिवाय गत्यंतर नाही.

"इथे दवाखाने नाहीत का?" घारीने विचारलं.

"आहेत."

"मग?"

लेकीने बाथरूमच्या दाराकडे बघितलं. मग म्हणाली, "आई, तू रोज सकाळी बाथरूमच्या बंद दाराशी उभी राहतेस. मधेच हसतेस. मला ह्या घरात भीती वाटते गं. तुझी नाही वाटत. पण वाटते."

"तुला ऐकू येतं?"

"मला काही ऐकायचंच नाहीये," लेक म्हणाली, आणि तिचा आवाज फुटला. "म्हणून तर जातेय."

तिकीट आलं. घारीला लेक हवी होती आणि तो आवाजही हवा होता. दोन्ही एका घरात राहणार नाहीत हे तिला दिसत होतं. जिला बुटाच्या टाचेतला खिळा दिसतो, तिला हे दिसणार नाही का? पण तिने डोळ्यांवर कातडं ओढून घेतलं. लेकीच्या कागदपत्रांसाठी दोनेक दिवस रजा घेतली, लागतील ते शिक्के मारून आणले आणि पुन्हा कामावर आली.

त्याच सकाळी तिला वस्तरा दिसला.

एका मास्तरांची बॅग होती. पुस्तकं, चष्म्याची डबी, पायजमा. आणि पायजम्याच्या घडीत, निळा, स्वच्छ, मिटलेला वस्तरा. टोकाशी खाच. मुठीची एक बाजू आखूड. घार स्क्रीनकडे झुकली. बोट मात्र आपलं काम करून मोकळं झालं. लाल बटण दाबलं गेलं. चित्र विरलं. 'अभिनंदन. आपण सरावाचं चित्र अचूक ओळखलंत.' मास्तरांची बॅग पुढे गेली, आणि मास्तर ती उचलून दुपारच्या विमानाकडे निघून गेले.

चित्रंच ती. कुठल्या तरी कंपनीत बसून कुणीतरी शेकडो सुऱ्या-वस्तऱ्यांची चित्रं काढून ठेवतं. त्यात एक खाच पडलेला निघाला. जगात खाच पडलेले वस्तरे काय थोडे आहेत? अशी तिने स्वतःची समजूत घातली. समजूत घातली की ती पटतेच असं नाही.

दुसऱ्या दिवशी तो एका नवऱ्या मुलीच्या बॅगेत होता, रेशमी कापडात. मग एका व्हायोलिनवाल्याच्या पेटीत, तारांच्या खाली. दर वेळी दुपारच्याच विमानाच्या रांगेत. घार बटण दाबायची, चित्र विरायचं, बॅग जायची. मामा पलीकडून ओरडायचे, "काय ताई, आज माझ्या हाताला काम नाही वाटतं!"

"सराव आहे, मामा," ती म्हणायची.

व्हायोलिनवाल्याच्या वेळी तिचं लक्ष खालच्या ओळीकडे गेलं. रोज बघून बघून ती ओळ कुणी वाचत नाही. आज तिथे 'आपण' नव्हतं, 'अभिनंदन'ही नव्हतं. एवढंच लिहिलं होतं: 'ओळखलंस.'

तिने डोळे चोळले. बॅग गेली होती, पुढची आली होती आणि स्क्रीन नारिंगी झाली होती.

त्यानंतर कंगवा आला. एका म्हाताऱ्या बाईंच्या पिशवीत, लोकरीच्या गुंड्यात खुपसलेला, धातूचा, लांब दांड्याचा कंगवा. तसले नवऱ्याच्या दुकानात असत. कंगव्याला बंदी नाही. घारीने हिरवं बटण दाबलं. लगेच ओळ उमटली: 'चुकलीस, घारे.'

तिला ह्या नावाने तोंडावर हाक मारणारं जगात एकच माणूस होतं. ती खुर्चीवरून उठली, दुसरीला बसवलं आणि तडक मोठ्या बाईंच्या खोलीत गेली. मोठ्या बाई म्हणजे सगळ्या रांगांच्या प्रमुख. त्या वयाने घारीपेक्षा बऱ्याच लहान होत्या, पण खांद्यावरच्या पट्ट्यांनी मोठ्या.

"बाई, आता सरावात कंगवे पण घालायला लागले का?" घारीने शक्य तितक्या साध्या आवाजात विचारलं.

"कसला सराव?" मोठ्या बाईंनी मान वर केली. "सरावाची चित्रं बंद आहेत ना, ताई. सगळ्या रांगांवर. कंपनी नवी चित्रं घालणार आहे, तोवर जुनी काढून टाकलीत. सकाळच्या हजेरीत सांगितलं होतं मी."

"कधी?"

"तुम्ही रजेवर होतात तेव्हा. कुणी बोललं नाही का तुम्हाला?"

कुणी बोललं नव्हतं. प्रत्येकाला वाटलं होतं दुसऱ्याने सांगितलं असेल. घार तिथे उभी राहिली, आणि मास्तर, नवरी मुलगी, व्हायोलिनवाला एकामागून एक तिच्या डोळ्यांसमोरून गेले. तिने त्यांच्या बॅगांत धारदार पातं बघितलं होतं. बटणही दाबलं होतं. आणि बॅगा न उघडता सोडल्या होत्या, कारण 'सराव' असं कुणीतरी म्हटलं होतं.

"काही झालं का, ताई? चेहरा असा का?"

"काही नाही," घार म्हणाली. "लेक जातेय ना परवा."

"होतं असं," मोठ्या बाई म्हणाल्या. "रजा घ्या त्या दिवशी. बाहेर उभ्या राहून निरोप द्या."

लेकही तेच म्हणत होती. चार लोकांच्या आयांसारखी तू बाहेर काचेशी उभी राहा, रुमाल हलव, जरा रड, मलाही रडू दे. घार म्हणाली, रजा मिळत नाही. तिने ताकाला जाऊन भांडं लपवलं, दुसरं काय. घरच्या माणसाची बॅग घरच्याने तपासायची नाही असा नियमच आहे. म्हणून तिने लेकीला पहिल्या रांगेत जायला सांगितलं. पण दुपारच्या विमानाच्या वेळी पहिली रांग तुंबते आणि दारावरचा शिपाई मागच्यांना दुसरीकडे वळवतो, हे तिला पक्कं ठाऊक होतं. आपण काय करणार आहोत हे मात्र तिने स्वतःलाही विचारलं नाही.

जायच्या दिवशी सकाळी बाथरूममधून काहीच आवाज आला नाही. घार दाराशी उभी राहिली. चहा उतू गेला.

दुपारी शिपायाने माणसं वळवली, आणि त्यांत चिऊ होती. तिने आईला बघितलं, ओठ चावून हसली, बूट काढले आणि पाठीवरची बॅग बेल्टवर ठेवली. ती बॅग घारीनेच भरली होती. आतली एकूणएक वस्तू तिला पाठ होती. स्क्रीनवर नारिंगी कपडे आले, चपलांचे तळवे आले, मोबाईलची वायर आली, डोळे तपासायचा छोटा टॉर्च आला.

आणि करड्या स्वेटरच्या घडीत वस्तरा आला. निळा. मिटलेला.

खालची ओळ कोरी होती. तो वाट बघत होता.

आता सगळं तिच्या ध्यानात आलं. मास्तर, नवरी, व्हायोलिनवाला, सगळे दुपारच्याच विमानाचे. हा माणूस जन्मात कधी विमानात बसला नव्हता. दुकानातल्या खुर्चीला टेकून आभाळाकडे बघत 'एकदा चिऊबरोबर जाऊ' म्हणायचा, आणि लगेच, 'पण माझा वस्तरा तू काही नेऊ देणार नाहीस, घारे.' म्हणजे इतके दिवस हा बॅगांमागून बॅगांत शिरत होता, तो तिला भेटायला नव्हे. तिच्या नजरेखालून सुटायला शिकत होता. तिला सोडून चालला होता.

घारीला रडू आलं नाही, संताप आला. रोज सकाळी दाराशी उभी मी राहायची, आणि हा चाललाय लेकीबरोबर! लाल बटण तिच्या बोटाखाली होतं. ते दाबलं की बेल्ट थांबणार. बॅग उघडणार. हातच्या सामानात वस्तरा म्हणजे चौकशी, जबाब, पोलीस. दुपारचं विमान गेलंच. वस्तरा जप्त होऊन मामांच्या ट्रेमध्ये पडणार. लेक घरी आणि हाही घरी. तिला तेव्हा लाज वाटली नाही. लाज मागाहून वाटली.

तिने लाल बटण दाबलं.

चित्र विरलं नाही. कुणी शाबासकी दिली नाही. बेल्ट थांबला आणि बॅग मामांकडे गेली.

"स्वेटर बघा," घार म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला. "वस्तरा आहे."

मामांनी बॅग उघडली. लेकीचे कपडे एकेक करून चारचौघांसमोर ट्रेमध्ये ठेवले, स्वेटर झटकला, बाह्यांत हात घातला, अस्तर चाचपलं. मागची रांग कुजबुजायला लागली. चिऊ अनवाणी उभी होती. 'वस्तरा' हा शब्द ऐकून तिच्या चेहऱ्याचा रंग उडाला.

"काही नाही, ताई," मामा म्हणाले.

"कुणाचा वस्तरा, आई?" चिऊने हळूच विचारलं. "बाबांचा? आई, तू मुद्दाम करतेयस का?"

मोठ्या बाई धावत आल्या. स्क्रीनवर चित्र तसंच होतं. घारीने बोट ठेवून दाखवलं. मोठ्या बाई वाकल्या, डोळे बारीक केले, मग घारीकडे बघितलं. ती नजर घारीला ओळखीची होती. जड कानाच्या माणसाकडे बघतात ना, तशी.

"मला स्वेटर दिसतोय," त्या म्हणाल्या. "पुन्हा घाला आत."

बॅग पुन्हा बोगद्यात गेली. ह्या वेळी वस्तरा उघडा होता. पातं मुठीतून बाहेर आलेलं, बरोबर त्या कोनात, ज्या कोनात तो गालाला लावण्याआधी धरायचा. त्याभोवती कुणाची बोटं नव्हती, आणि तरी तो धरलेला होता. खाली ओळ उमटली: 'जाऊ दे, घारे.'

वरच्या कर्ण्यातून दुपारच्या विमानासाठी शेवटची हाक झाली. मोठ्या बाई म्हणाल्या, "ताई, लवकर सांगा. आहे की नाही? तुम्ही आहे म्हणालात तर मी ही बॅग अस्तरापर्यंत फाडीन."

त्या तसं करणार होत्या. घारीने 'आहे' म्हटलं की ते असायचंच. आजवर कधी चुकलं नव्हतं. विमान थांबलं नसतं. लेक थांबली असती.

पलीकडे चिऊ रडत नव्हती. रडली असती तर सोपं झालं असतं. ती दोन्ही हातांनी बेल्टची कड धरून उभी होती. "आई," ती म्हणाली, "मला जाऊ दे गं. मी तिथे मरत नाहीये. इथे मरतेय."

स्क्रीनवर एक म्हणत होता जाऊ दे, समोर एक म्हणत होती जाऊ दे. घारीला तिला सोडायचं होतं आणि त्याला अडवायचं होतं. लेक ज्याच्यापासून पळत होती, तोच तिच्या स्वेटरच्या घडीत बसला होता, आणि हे बघणारी एकटी आई होती. ओरडून सांगावं? सांगितलं तर विमान जाईल. गप्प बसावं तर तो जाईल तिच्याबरोबर. दोघं एकाच बॅगेत होते आणि बॅगेला बटणं दोनच होती.

"नाही," घार म्हणाली. "काही नाही त्यात. माझी चूक झाली."

हिरवं बटण तिने स्वतः दाबलं.

मामांनी भराभर कपडे कोंबले. चिऊने पायात बूट अडकवले, बॅग पाठीवर घेतली आणि मधल्या काचेवरून आईच्या हातावर हात ठेवला. नियमात बसत नव्हतं, पण मोठ्या बाई दुसरीकडे बघत होत्या. मग ती निघाली. लांबलचक मार्गिकेतून धावणारी एकटी मुलगी, आजूबाजूला कुणी नाही. तरीही ती भिंतीच्या कडेने चालली होती. बाजूने कुणी चालत असलं की माणूस सरकतो, तशी ती सरकली होती, आणि तिच्या उजव्या हाताला एका माणसापुरती जागा मोकळी राहिली होती.

"घरी जा, ताई," मोठ्या बाई म्हणाल्या. "डोळ्यांना आराम द्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी घारीने चहा टाकला आणि सवयीने बाथरूमच्या दाराशी गेली. आत शांतता होती. नुसता आवाज नव्हता असं नव्हे, कुणी नव्हतं. तिने इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्या वेळेला ते दार लोटलं. कोरडी फरशी, कोरडं बेसिन, आरशात ती. मग मात्र तिला रडू फुटलं, आणि ती न्हाणीच्या उंबऱ्यावर बसून मोठ्याने रडली. ऐकणारं घरात कुणीच नव्हतं, म्हणून तोंड दाबायचंही कारण नव्हतं.

फोन वाजला. लेकीचा होता.

"पोचलीस?" घारीने डोळे पुसत विचारलं. "जेवलीस का रात्री? खोली बरी आहे ना?"

"आई." लेक कुजबुजत होती. "तू माझ्या सामानात बाबांचा वस्तरा घातला होतास ना? खरं सांग. मी रागावणार नाही."

घारीची नजर कोरड्या बेसिनकडे गेली.

"तूच घातलास. मामांना सापडला नाही, एवढंच. हो ना? पण आई, बॅग मी अजून उघडलीच नाहीये. काल दमून तशीच झोपले. ती अजून दाराशी पडलीये, चेन लावलेली." तिचा श्वास फोनमधून मोठ्याने ऐकू येत होता. "आणि वस्तरा इथे बेसिनवर आहे. उघडा. त्याला फेस लागलाय, आई. फेस ओला आहे अजून. मी काय करू? आई, बोल ना. उचलून फेकून देऊ का?"

"हात लावू नकोस," घार म्हणाली. "त्यांचं झालं की ते स्वतः धुऊन ठेवतात."